न झालेला नीलकंठ

आजोबांनी काच फुंकली, अब्बांनी काच फुंकली आणि मी त्या दोघांचा इतिहास लिहिला. तिघांत जास्त नुकसान कोणी केलं हे आमच्या फुफीला विचारलं असतं, तर तिनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघून पान थुंकलं असतं.

आमची भट्टी पांढरकवड्याच्या बाहेर, केळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. समोरच्या सडकेवरून नागपूर-हैद्राबादचे ट्रक जात. पाच वर्षांच्या आत आम्ही जागचे न हलता तीन राज्यांत राहिलो: आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. भट्टीला त्याचं काही नव्हतं. जळणारं लाकूड कुठल्या राज्याचं, हे तिनं कधी विचारलं नाही.

आम्ही अत्तरदाण्या बनवत असू. मुठीत मावेल एवढी रंगीत बाटली आणि तिच्या तोंडावर काचेच्या पाखराचं बूच. यात अत्तर कोणी घालत नसे. वणी-यवतमाळपर्यंतची पैसेवाली मंडळी या अत्तरदाण्या काचेच्या कपाटात ओळीनं मांडून ठेवत आणि पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी कपाट दाखवत. कारण आमच्याकडे दर वर्षी एकच नवं पाखरू निघे. दसऱ्याच्या आधी अब्बा मातीत साचा कोरत, तो भाजत, त्यात तापलेल्या काचेचा गोळा दाबून वीस-बावीस बुचं काढत. फुफी एकेक बूच कुरुंदाच्या पुडीनं घासून त्याच्या त्याच्या बाटलीला बसवत असे. एका बाटलीचं बूच दुसरीला लागत नसे, इतकं ते नेमकं असायचं. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी गिऱ्हाइकं भट्टीसमोरच्या मांडवात जमत आणि अब्बा त्यांच्या डोळ्यांदेखत साचा दगडावर आपटून फोडत. झालं. ते पाखरू पुन्हा नाही. ज्याचं राहिलं त्याच्या कपाटात भोक.

भोक मात्र सगळ्यांच्याच कपाटात एक होतं. आजोबा वारले त्या वर्षी अब्बांनी चाळीस दिवस भट्टीत लाकूड घातलं नाही. भट्टी थंड झाली की आतली मूस, म्हणजे काच वितळवायचं मातीचं भांडं, तडकते. ती तडकली. नवी मूस बनवून, वाळवून, भाजून होईपर्यंत दसरा उलटून गेला. त्या वर्षी पाखरू नाही. पुढच्या वर्षी अब्बांनी गिऱ्हाइकांना एवढंच सांगितलं, "वडलांची जागा हाय ती. रिकामी राहू द्या." आणि लोकांनी खरंच तेवढी जागा सोडली. मोर, मग बोटभर रिकामी फळी, मग पोपट. पाहुण्यांना दाखवताना लोक त्या रिकाम्या जागेशी जरा थांबत. पाखरांपेक्षा तिथंच जास्त वेळ जाई.

आता माझ्याकडे येतो. यायचं टाळत होतो.

मी मॅट्रिक झालो होतो. आमच्या घरात ही गोष्ट एखाद्या न बऱ्या होणाऱ्या दुखण्यासारखी सांगितली जाई. फुंकणी हातात घेतली की माझ्याकडून काचेचा फुगा व्हायच्या ऐवजी नाकातल्या शेंबडासारखं काहीतरी लोंबायचं. राखेच्या पेटीतून गार झालेला माल काढायला सांगितलं, तर मी तो गार व्हायच्या आधी काढला आणि एका दमात सतरा बाटल्या टणाटण फुटल्या. फुफी म्हणाली, "बरं झालं बापा. एकदम आवाज आला. नाहीतर तू एकेक फोडली असती, दिवसभर आयकावं लागलं असतं."

फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण, लवकर विधवा झालेली. तिचे तळहात कुरुंदानं इतके खरखरीत झाले होते, की ती लाडानं गालावरून हात फिरवायला आली तर आम्ही पळत असू. माझ्या बाबतीत तो प्रसंग फार वेळा आला नाही.

तर मुंबई राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा जिनवाले शेठ अब्बांना म्हणाले, "उस्ताद, इतके मोठे कारागीर तुम्ही. एक पुस्तिका छापा ना. घराण्याचा इतिहास. आमच्या पाहुण्यांना देता येईल." कापसाची जिनिंग होती त्यांची, आणि आमच्या कारखान्यावर मोठा उपकार त्यांचाच होता: जंगलातून आमची लाकडं त्यांच्या ट्रकमधून येत. दर आठवड्याला एक ट्रक. तो आला नाही तर आठवडाभरात भट्टी थंड, आणि भट्टी थंड तर मूस गेली. त्यामुळे शेठ काही सुचवायचे, तेव्हा अब्बांना ते आवडलेलं असायचं.

"माह्या पोराले लेहता येते," अब्बा म्हणाले. इतक्या अभिमानानं, की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

खरा इतिहास अगदी साधा होता. आजोबा हैद्राबादच्या बाजूनं आले, कंदिलाच्या काचा बनवू लागले आणि त्या काचा पहिल्याच वातीला तडकत. कोणीतरी लग्नासाठी अत्तरदाणी मागितली. आजोबा गोल गोळीचं बूच करत होते, तर चिमटा घसरला आणि गोळीला चोच फुटली. गिऱ्हाईक समोर उभं. आजोबा म्हणाले, "पारवा हाय." गिऱ्हाइकाला आवडला. आमच्या कलेचा जन्म हा असा, एका घसरलेल्या चिमट्यातून.

मला हे फार हलकं वाटलं. मी लिहिलं, की आमचे पूर्वज राजदरबारी काचशिल्पी होते. कुठल्या दरबारी, ते लिहिलं नाही. वाचणाऱ्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे दरबार निवडावा. चिमटा मी कापून टाकला. पारव्याच्या जागी "दिव्य प्रेरणा" घातली. आणि शेवटी एक तक्ता केला: डाव्या बाजूला वर्ष, उजव्या बाजूला पाखरू.

कागद घेऊन एसटीनं यवतमाळला गेलो. छापखान्यातला कंपोझिटर म्हणजे जाड चष्म्याचा, नाकात तपकीर कोंबणारा एक म्हातारा. त्यानं तक्ता पाहिला आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे काय हाय? वर्ष हाय, पाखरू नाही."

"त्या वर्षी झालं नाही."

"मंग वर्ष कायले लेहलं? लोकं म्हणतीन छापखान्यानं ओळ खाल्ली. माह्या नावाले बट्टा. काहीतरी टाक."

"काय टाकू?"

"मले काय इचारतो? पाखरं तुमची."

बाहेरच्या भिंतीवर गेल्या दसऱ्याच्या जाहिराती अजून चिकटलेल्या होत्या. दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं: नीलकंठ. एक शब्द. सगळ्या पुस्तिकेत एवढाच शब्द मी दोनदा विचार न करता लिहिला.

अब्बांना उर्दू वाचता येई, मराठी नाही. छापून आलेली पुस्तिका त्यांनी मला वाचायला लावली आणि फुंकणी बाजूला ठेवून, मांडी घालून ऐकली. दरबाराशी ते जरा खाकरले. "दिव्य प्रेरणा म्हणजे काय?" म्हणाले. मी म्हटलं, "चिमटाच, पण चांगल्या मराठीत." तक्त्यापाशी आलो तेव्हा मी मोरावरून थेट पोपटावर उडी मारली. नीलकंठ गिळला.

"जागा ठेवली ना वडलांची?" त्यांनी विचारलं.

"ठेवली," मी म्हणालो.

दोन महिन्यांत नीलकंठाला पाय फुटले.

पहिले आले शेठच. रागानं लाल. "उस्ताद घरात नाही ना? बरं. तू सांग. त्या साली नीलकंठ झाला आणि मला दिला नाही? वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी, आणि माझ्या कपाटात रिकामी जागा दाखवून पाहुण्यांसमोर मी रडतो, की वडलांची जागा, वडलांची जागा!"

इथं खरं बोलायची संधी होती. ती मला स्पष्ट दिसत होती, आणि मी तिला वाट करून दिली. "फार थोडे निघाले शेठजी," मी म्हणालो. "दोन-तीनच. अब्बा दुःखात होते, कोणाला दिले ते त्यांनाही आठवत नाही. त्यांच्यापुढे विषय काढू नका, त्रास होतो त्यांना."

ही थाप मारताना मला माझंच कौतुक वाटलं, हे इथं कबूल करतो. एवढी सफाई माझ्या हातून काचेत कधी आली नव्हती.

पुढचे वकीलसाहेब. ते रागावले नाहीत. ते गालात हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे आहे तो. एका अशिलानं फीऐवजी दिला होता. मी बोललो नाही इतकंच. मौल्यवान वस्तूची वाच्यता करू नये." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मीच घडवलेली खोटी वस्तू या माणसाच्या घरात आहे, आणि मला मात्र ती कधी दिसली नाही, असं काहीतरी चमत्कारिक वाटलं. क्षणभर मला शंका आली, की झाला असेल बुवा नीलकंठ. आपण लहान होतो.

मग राळेगावकडच्या पाटलीणबाई आल्या. पांढऱ्या शुभ्र लुगड्यातल्या, दीडशे एकराच्या मालकीण, बैलगाडीतून उतरतानासुद्धा हुकूम सोडणाऱ्या. "आमच्या मामंजीले तुह्या अब्बानं सोताच्या हातानं देल्ला होता बाप्पा," त्या म्हणाल्या. "मले अजून आठोते. मामंजी म्हणे, सूनबाई, हे जपा."

त्यांचे सासरे आजोबांच्या आधी दोन वर्षं वारले होते. हे मी बोललो नाही. आपणच लावलेल्या आगीवर पाणी कोण ओतणार?

या आगीला जळण कोण पुरवतो ते मला आमच्या कबाडीवाल्यानं सांगितलं. फुटक्या बाटल्या, बांगड्यांचे तुकडे, दवाखान्यातल्या निळ्या शिश्या असा आमचा कच्चा माल तोच आणत असे. एकदा पोतं उतरवता उतरवता त्यानं मला डोळा मारला.

"तुमचं पुस्तक चांगलं हाय मियाँ. म्या वाचून घेतलं एकाकडून. असं अजून एखादं पाखरू राह्यलं असन तर लेहा ना."

"तू विकून राह्यला का ते नीलकंठ?"

"म्या नाही इकत. लोकं घेतात. म्या म्हणतो, बाई, हे असली हाय का नाही मले मालूम नाही. ते म्हणतात, आमाले मालूम हाय." बाहेरगावच्या कोणा काचवाल्याकडून तो ते करून आणत असे. "काच तुमचीच हाय बरं. तुमच्यासाठी गोळा केलेल्या शिश्यांतलीच."

म्हणजे आमच्या खोटेपणातही माल आमचाच होता, एवढंच काय ते समाधान.

दसऱ्याला बारा दिवस उरले असताना शेठ एक लाल मखमली डबी घेऊन आले. या वेळी अब्बा घरात होते. शेठनी डबी उघडली. आत अत्तरदाणी, आणि तिच्यावर बसलेला एक निळा, चकचकीत, गोलमटोल नीलकंठ.

"मिळाला, उस्ताद! शेवटी मिळाला. तुमच्या मांडवातल्या बैठकीत सगळ्यांसमोर मी हा कपाटाच्या फळीवर त्याच्या जागी ठेवणार. वकील म्हणतो त्याचा असली, ती राळेगावची बाई म्हणते तिचा असली. तुम्ही फक्त एक शब्द बोला, की शेठचा असली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि असली नसेल, तर पुस्तिका खोटी. पुस्तिका खोटी तर बाकीची पाखरंही कोण कुठली, देव जाणे. मग मी माझे ट्रक अशा कामाला कशाला लावू? तुम्हीच सांगा."

शेठ गेले. अब्बांनी कोपऱ्यातली पुस्तिका आणली आणि माझ्या हातात दिली.

"तक्ता वाच. बोट ठिवून वाच. हरेक ओळ."

मी बोट ठेवून वाचला. मोर. मग बोट थांबलं. पोपटावर उडी मारायला या वेळी जागा नव्हती, कारण अब्बांचं बोट माझ्या बोटाला लागून चाललं होतं.

"नीलकंठ," मी म्हणालो.

अब्बांनी पुस्तिका मिटली. त्यांनी जे केलं ते रागापेक्षा वाईट होतं: कारागिरासारखे बोलले. "वडील म्हणत, नीलकंठ कधीच करू नको. बसला की मातीच्या रंगाचा दिसते. निळाई पंखात आत ऱ्हायते, उडला तरच दिसते. बूच तर बसलेलंच असते. मंग बसलेल्या नीलकंठाले निळा करणारा एक तर आंधळा, नाही तर लबाड." मग थांबून म्हणाले, "तू तर पाह्यला बी नसशीन."

"पाह्यला आहे," मी म्हणालो. "दर दसऱ्याला."

"उडताना."

ते खरं होतं.

आता काय पणाला लागलं होतं ते घरात सगळ्यांना कळत होतं. अब्बा 'असली' म्हणाले, तर आजोबांची जागा त्यांच्याच तोंडानं गेली. 'नाही' म्हणाले, तर लाकडाचा ट्रक गेला, भट्टी गेली, मूस गेली. पुन्हा एकदा, आणि या वेळी कोणी मेल्याशिवाय.

मी आपला शहाणपणा करायला फुफीकडे गेलो. "फुफी, तू आणि अब्बा मिळून दोन-तीन नीलकंठ करून टाका ना गुपचूप. बसलेले, मातकट, आजोबांच्या पद्धतीचे. मग तेच असली म्हणून दाखवू."

फुफी बूच घासत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "मंग ते तीन नकली कुठी ठिवू? तुह्या डोक्यात? जागा बहुत हाय म्हणून इचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी त्या वर्षीचा साचा, तितराचा, कोरून भाजून तयार असलेला, माझ्यासमोर दगडावर आपटला. एकही बूच न काढता. फुफीच्या तोंडातून "हाय अल्ला" निघालं. मग त्यांनी ओल्या मातीचा गोळा माझ्या हातात दिला.

"आता तू कर."

"काय?"

"नीलकंठ. तूच जाणते त्याले. दहा दिवस हायत."

मला इतका आनंद झाला, की मातीचा गोळा हातातून सुटला. अब्बा मला वाचवत होते! बापच शेवटी. माझ्या हातचे दोन-चार जुनाट दिसणारे नीलकंठ ते बैठकीत काढतील, म्हणतील की हेच त्या वर्षीचे असली. पुस्तिका खरी, ट्रक सुरू. मी ओसाड शेतात जाऊन तारेवरच्या नीलकंठापुढे उकिडवा बसलो. खरंच मातकट होता. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे. दोघांनाही एकमेकांबद्दल फारशी आशा वाटली नाही.

साचा मी कोरला. मान जाड झाली. चोच कोरताना वाकडी झाली, ती सरळ करताना अर्धी झाली. अब्बा बघत होते आणि एक शब्द सांगत नव्हते. तपकिरी औषधाच्या बाटल्या वितळवल्या, वर निळ्या काचेचा एक थेंब पंखाला दिला. तो थेंब पंखावर राहायच्या ऐवजी पोटाखाली ओघळला. चटक्यांनी माझी दहापैकी सहा बोटं कामातून गेली. अब्बा एवढंच म्हणत, "अजून काढ." पंचवीसपैकी बावीस निघाले. फुफीनं ते घासून बाटल्यांना बसवले. पहिलंच बूच घेऊन तिनं उजेडाला धरलं, फिरवलं, उलटं केलं.

"ह्याचं तोंड कोणतं?"

मी दाखवलं.

"बरं. म्या तिकडून घासत होती."

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मांडवात सगळे आले. शेठनी कपाटाची फळीच उचलून आणली होती, गड्याच्या डोक्यावर. वकीलसाहेबांच्या हातात पुस्तिका. पाटलीणबाईंच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. तिन्ही नीलकंठ चटईवर ओळीनं बसले: गोल, निळे, चकाकणारे, एकमेकांचे सख्खे भाऊ. तिघांच्या मालकांनी एकमेकांच्या पाखरांकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे.

"बोला उस्ताद," शेठ म्हणाले. "एक शब्द."

अब्बा उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता माझे निघणार.

"ज्या साली हे पाखरू लेहलं हाय, त्या साली माह्या बापाची मयत झाली," अब्बा म्हणाले. "चाळीस दिवस भट्टीत लाकूड नाही गेलं. मूस तडकली. त्या साली माह्या भट्टीतून राख निघाली. पाखरू नाही निघालं."

"छापील पुरावा आहे!" वकीलसाहेबांनी पुस्तिका वर केली.

"छापलेलं मले वाचता येत नाही वकीलसाहेब. भट्टी चालू हाय का इझली, तेवढं समजते."

शेठ उठले. "म्हणजे मी खोटा?"

"नाही शेठजी." अब्बांनी माझ्याकडे बोट केलं. "खोटा हा हाय. तुम्ही गिऱ्हाईक हाय."

फुफीनं न विचारता शेठची बाटली उचलली, पाहुण्यांना लावायला ठेवलेल्या कुपीतलं थोडं अत्तर तिच्यात ओतलं, बूच लावलं आणि उलटी केली. नीलकंठ बुचकन खाली पडला आणि अत्तर शेठच्या धोतरावर. "आमचं बूच असं नाही पडत," ती म्हणाली. बस एवढंच. पाटलीणबाईंनी आपलं पाखरू कधी पदराखाली घेतलं ते कोणाला दिसलं नाही. मला दिसलं.

मग अब्बांनी माझी टोपली आणवली आणि बावीस नीलकंठ चटईवर मांडले.

"ह्या सालचं पाखरू हे हाय. माह्या पोरानं लेहलं, पोरानंच केलं. वडलांच्या जाग्यावर नाही जात हे. ह्या सालच्या जाग्यावर जाते." आणि त्यांनी माझा साचा माझ्याच हातात दिला. "फोड."

मी फोडला. बरोबर फुटलाही नाही पहिल्यांदा. दोनदा आपटावा लागला.

मग पाटलीणबाई पुढे वाकल्या. "हे काय हाय वं माय? बेडूक?"

"नीलकंठ," मी म्हणालो.

"बसलेला," अब्बा म्हणाले.

शेठ फळी उचलून निघून गेले. जाताना ओल्या धोतराचा गुलाबाचा वास मागे सोडत गेले. वकीलसाहेबांनी एक पाखरू घेतलं, कारण त्यांच्याच्यानं न घेऊन राहवेना. बाकीच्यांनी घेतली, म्हणून उरलेल्यांनी घेतली. साचा फुटला होता. ज्याचं राहील त्याच्या कपाटात भोक. इतक्या दुःखी चेहऱ्यांनी माल घेताना मी गिऱ्हाईक कधी पाहिलं नाही.

त्या आठवड्यात ट्रक आला नाही. अब्बांनी भट्टीत थोडं थोडं लाकूड घालून आच कशीबशी धरून ठेवली. सहाव्या दिवशी राळेगावहून पाच बैलगाड्या आल्या, मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांनी, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांनी, भरलेल्या. गाडीवानानं निरोप सांगितला: "बाई म्हणे, जाळाले घ्या. आन् बाई म्हणे, मामंजीची गोष्ट धाकट्या मियाँनं कोठी लेहू नये." पऱ्हाट्या भसाभसा जळतात, टिकत नाहीत. मी आणि फुफी आलटून पालटून मोळ्या टाकत होतो. मूस टिकली.

दहाव्या दिवशी दुपारी शेठचा ट्रक आला. ड्रायव्हरनं लाकडं उतरवली आणि मग घुटमळत फुफीला म्हणाला, "शेठनं इचारलं, त्यातलं एखादं उरलं असन का?"

"कशातलं?"

"त्याच्यातलं... शेठ म्हणे, त्या बेडकातलं."

फुफीनं एक काढून दिलं. ड्रायव्हरनं ते शर्टाच्या खिशात घातलं आणि वर तंबाखूची पुडी ठेवली. नंतर एकदा कापसाच्या मोसमात मी शेठच्या घरी गेलो तेव्हा कपाट पाहिलं. मोर, मग बोटभर रिकामी फळी, मग पोपट. सगळ्यात शेवटी माझा नीलकंठ, तोंड भिंतीकडे करून. की पाठ होती ती, मला स्वतःलाही सांगता आलं नाही.

चुकीच्या पुस्तिका बरेच दिवस घरात पडून होत्या. पुढे आम्ही महाराष्ट्रात गेलो आणि पत्ता बदलायला हवा, या निमित्तानं मी पुन्हा यवतमाळला गेलो. कंपोझिटरला म्हटलं, दरबार काढ, प्रेरणा काढ, तिथं चिमटा घाल. आणि तक्त्यातली ती ओळ रिकामी सोड.

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "नुसतं वर्ष?"

"नुसतं वर्ष."

"रिकाम्या जागेले बी शिसं भरा लागते," तो पुटपुटला. "लोकाईले वाटते, रिकामं म्हणजे फुकट." पण बसवलं त्यानं.

घरी आल्यावर अब्बांनी पुस्तिका घेतली, तक्त्याचं पान उघडलं आणि या वेळी मला वाचायला सांगितलं नाही. वरून खाली बोट नेत गेले आणि त्या ओळीशी थांबले. तेवढी एक ओळ त्यांना वाचता येत होती.

"हे बरोबर हाय," ते म्हणाले, आणि पुस्तिका फुफीकडे दिली. फुफीनं पान फाडून त्यात एक बूच गुंडाळलं. कागद चांगला होता, ती म्हणाली, जाड.